मिठाचा हिशेब

जुन्या वाड्याच्या भिंतीला लोणा लागतो, हे आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले आहे. कितीही वेळा गिलावा करा, दोन पावसाळे गेले की भिंतीच्या पायाशी पांढरी भुकटी फुटते आणि गिलाव्याचे पापुद्रे सुटू लागतात. पाण्याच्या माठालाही उन्हाळ्याच्या अखेरीस बाहेरून असाच पांढरा थर येतो. घरातली वडीलमाणसे एका ठिकाणी गवंड्याला दोष देतात, दुसऱ्या ठिकाणी कुंभाराला. वस्तुतः दोन्हीकडे एकच क्रिया चालू असते. पाणी मातीतून झिरपत पृष्ठभागावर येते, हवेत उडून जाते, आणि आपल्यात विरघळलेले क्षार मागे ठेवते. पाण्याला वाफ होऊन जाता येते, मिठाला येत नाही. या लेखात आम्हाला जे सांगावयाचे आहे, ते या एका वाक्यातून निघते.

आमचे शाळेतले शिक्षण आठवीपर्यंत झाले. पुढचे काही साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुताना झाले, आणि राहिलेले कामगार संघटनेच्या कचेरीत, रात्री हाती पडेल ते पुस्तक वाचून. तेव्हा शास्त्रज्ञाच्या अधिकाराने आम्ही बोलत नाही. एक चूक केली, तिची किंमत मोजली आणि तिच्यातून थोडे शिकलो, एवढाच आमचा अधिकार. ती चूक लहानशी होती, एका काचेच्या टाकीतली. परंतु तिच्यामुळे आपल्या जिल्ह्यातील एका फार मोठ्या चुकीचा अर्थ आम्हाला कळला, म्हणून ती आधी सांगतो.

आमच्या एका सहकाऱ्याच्या मुलाला मासे पाळण्याचा नाद. त्याने साठ लिटरची टाकी संघटनेच्या कचेरीत आणून ठेवली आणि किनाऱ्याकडील एका तळ्यावरून कोळंबीची बारा पिल्ले आणली. ही कोळंबी व्हेनामी जातीची. मूळची ती अमेरिका खंडाच्या पॅसिफिक किनाऱ्याची. भारतात तिच्या संवर्धनाला २००९ साली परवानगी मिळाली आणि आज आपल्या देशातून परदेशी जाणाऱ्या कोळंबीत तिचाच भरणा मोठा आहे. हिला निमखारे पाणी चालते. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, गोड्या पाण्यात अर्ध्या ग्रॅमहून कमी. या दोहोंमधले ते निमखारे, म्हणजे आपल्या बोलीत मचूळ. मुलाने बाजारातून समुद्री क्षारांचे मिश्रण आणून लिटरमागे १५ ग्रॅम या प्रमाणात पाणी तयार केले होते. परीक्षेसाठी तो पुण्याला गेला आणि टाकी आमच्यावर सोपवून गेला.

चैत्र-वैशाखातला नगरी उन्हाळा, वर पंखा. आठवड्याला दहा लिटर पाणी उडून जाई. आम्ही विचार केला, टाकीत खारे पाणी आहे, तर भरही खाऱ्या पाण्याचीच घालावी. घरचे मीठ घेऊन त्याच प्रमाणात कालवले आणि दर आठवड्याला दहा लिटर ओतत राहिलो. आता याचा हिशेब पाहा. साठ लिटरमध्ये आरंभी ९०० ग्रॅम क्षार होते. दहा लिटर पाणी उडाले, तरी ९०० ग्रॅम जागच्या जागी राहिले. वर आम्ही १५० ग्रॅम घातले. असे चार आठवडे चालले, तेव्हा टाकीत १५०० ग्रॅम क्षार झाले, म्हणजे लिटरमागे २५ ग्रॅम. घालावयाचे होते नुसते गोडे पाणी, कारण टाकीतून गेले होते नुसते गोडे पाणी. जे गेले तेच भरून द्यावे, हा साधा व्यवहार आम्हाला सुचला नाही.

मधून मधून आम्ही बोट बुडवून चव पाहत होतो आणि दर वेळी ती ठीक वाटत होती. जिभेला सवय होते. हळूहळू वाढणारा खारटपणा तिला कळत नाही. चौथ्या आठवड्यात एका पाहुण्याने तोंड वाकडे केले, तेव्हा आमचे डोळे उघडले. मग आम्ही दुसरी चूक केली. घाईघाईने अर्धी टाकी रिकामी केली आणि नळाचे पाणी भरले. दुसऱ्या दिवशी सकाळी बारापैकी नऊ पिल्ले तळाशी पडली होती. मुलगा परत आला तेव्हा तो काही बोलला नाही. आम्हालाच बोलता आले नाही.

असे का झाले? कोळंबीच्या रक्ताचा खारेपणा लिटरमागे सुमारे २५ ग्रॅमच्या पाण्याइतका असतो. बाहेरचे पाणी त्याहून गोडे असले तर ते अंगात शिरू पाहते आणि अंगातले क्षार बाहेर पडू पाहतात. कल्ल्यांच्या पेशी हे क्षार सतत आत ओढीत राहतात. हे त्यांचे रोजचे काम आहे आणि त्याला शक्ती खर्ची पडते. बाहेरचा खारेपणा दिवसादिवसाने बदलला, तर कोळंबी आपले काम त्याप्रमाणे बदलून घेते. परंतु तो एका तासात निम्म्यावर आणला, तर तिला जुळवून घेण्यास सवड राहत नाही. नुकतीच कात टाकलेली, मऊ कवचाची कोळंबी तर अधिकच दुबळी असते. त्यात नळाच्या पाण्यातील क्लोरीनची भर पडली. शिवाय घरचे मीठ म्हणजे जवळजवळ नुसते सोडियम क्लोराइड. समुद्राच्या पाण्यात त्याखेरीज लिटरमागे सुमारे १.३ ग्रॅम मॅग्नेशियम आणि प्रत्येकी ०.४ ग्रॅम कॅल्शियम व पोटॅशियम असते. कवच धरण्यास आणि स्नायू चालण्यास ते लागतात. आम्ही मीठ वाढवीत गेलो आणि या क्षारांचे प्रमाण मागे पडत गेले.

या एका टाकीने तीन गोष्टी शिकवल्या. आत किती मीठ आले आणि बाहेर किती गेले याचा हिशेब ठेवावा. मीठ जिभेने न मोजता साधनाने मोजावे, आणि ते कोणत्या जातीचे आहे हेही पाहावे. आणि सुधारणा करावयाची तर बेताबेताने करावी. संघटनेत आलेल्या नव्या कार्यकर्त्याला आम्ही पहिल्या दिवशी सांगतो की, तक्रार घेऊन जाण्यापूर्वी आकडा घेऊन जा. टाकीपाशी आम्ही स्वतःच तो नियम विसरलो होतो.

आता मोजण्याची साधने पाहू. ती आपल्या ओळखीचीच आहेत. दूध संकलन केंद्रावर दुधात लॅक्टोमीटर सोडतात, तसाच खाऱ्या पाण्यासाठी हायड्रोमीटर असतो. पाणी जितके खारे तितके ते जड आणि तितकी काचेची नळी वर तरंगते. गोड्या पाण्याची घनता १ धरली, तर समुद्राच्या पाण्याची सुमारे १.०२५ आणि लिटरमागे १५ ग्रॅमच्या पाण्याची सुमारे १.०११ येते. नळीला बुडबुडा चिकटला किंवा जुने मीठ साचले असले, तर आकडा चुकतो. दुसरे साधन रिफ्रॅक्टोमीटर. साखर कारखान्यात उसाच्या रसाचा ब्रिक्स पाहणारा कामगार ते रोज डोळ्याला लावतो. रसाचे दोन थेंब काचेवर ठेवले की किरण किती वाकतो त्यावरून साखर कळते. मिठासाठीही तेच तत्त्व, फक्त मोजपट्टी निराळी. वापरण्यापूर्वी शुद्ध ऊर्ध्वपातित पाण्याने ते शून्यावर आणावे लागते. कित्येक स्वस्त साधनांची पट्टी नुसत्या मिठाच्या द्रावणासाठी आखलेली असते, तेव्हा समुद्री पाण्याला ती थोडा फरक दाखवते.

तिसरे साधन विजेचे. शुद्ध पाण्यातून वीज फार कमी वाहते. क्षार विरघळले की वाहू लागते. किती वाहते ते मोजले की क्षार किती ते कळते. यालाच विद्युतवाहकता म्हणतात. विजेला होणाऱ्या विरोधाचे एकक ओहम, म्हणून वाहकतेच्या एककाला पूर्वी ओहम उलटा लिहून म्हो म्हणत. आता सीमेन्स म्हणतात, आणि माती व पाणी यांच्यासाठी डेसिसीमेन्स प्रति मीटर हे माप घेतात. समुद्राच्या पाण्याचा आकडा ५० च्या थोडा वर असतो. तापमान एक अंशाने वाढले तर आकडा सुमारे दोन टक्क्यांनी वाढतो, म्हणून तो २५ अंशांवर आणून सांगण्याची रीत आहे.

हे वाहकतेचे साधन आपल्याला काचेच्या टाकीतून शेतात घेऊन जाते, कारण शेतातले मीठ मोजण्यासही तेच वापरतात. आणि आपल्या जिल्ह्यात शेतातल्या मिठाचा प्रश्न शंभर वर्षांचा आहे.

अकोले तालुक्यात भंडारदऱ्याला प्रवरा अडवून बांधलेले विल्सन धरण १९२६ साली पुरे झाले. संगमनेरच्या खाली ओझर येथे बंधारा आहे आणि तेथून प्रवरेचे डावा व उजवा असे दोन कालवे निघतात. ज्या मुलखात बाजरी-ज्वारीवर वर्ष काढावे लागे, तेथे पाटाचे पाणी खेळू लागले आणि ऊस उभा राहिला. आधी खाजगी साखर कारखाने आले. १९५० साली लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू झाला. श्रीरामपूर, राहाता, राहुरी या भागांतील बाजारपेठा, शाळा, दवाखाने आणि आमच्यासारख्या हजारो कामगारांच्या चुली या पाण्यावर उभ्या राहिल्या. त्या पाण्याला कोणी नावे ठेवू नयेत. आम्ही तर नाहीच नाही.

परंतु पाटाचे पाणी म्हणजे शेतरूपी टाकीत घातलेली भर आहे. उसाला वर्षाकाठी सुमारे दोन मीटर उंचीचे पाणी लागते असे धरू. एका एकराला ते ऐंशी लाख लिटर होते. समजा, कालव्याचे आणि विहिरीचे मिळून त्या पाण्यात लिटरमागे फक्त अर्धा ग्रॅम क्षार आहेत. ते पाणी पिण्यासही खारट लागणार नाही. तरी वर्षाला एकरी चार टन क्षार शेतात येतात. ऊस पाणी पितो, ऊन पाणी पिते. मिठाला दोघेही फारसा हात लावीत नाहीत. हे मीठ खाली धुऊन जाण्यास वाट असली तर प्रश्न नाही. हलक्या, उताराच्या, मुरमाड जमिनीत ती वाट असते. नदीकाठच्या भारी काळ्या जमिनीत ती फार अरुंद असते. तेथे जास्तीचे पाणी तळाशी साचते आणि त्याची पातळी वर वर येते. ती पाच-सहा फुटांच्या आत आली की वाड्याच्या भिंतीसारखी जमीन पाणी वर ओढू लागते आणि माथ्यावर मीठ फुटते. आधी जमीन चिबड होते, मग खारवट. दख्खनच्या कालव्यांखालील अशा जमिनींचा अभ्यास मुंबई इलाख्याच्या पाटबंधारे खात्यातील इंग्लिस या इंजिनियराने १९२० नंतरच्या दशकातच केला होता. तेव्हा हा प्रश्न नवा नाही आणि अज्ञातही नाही.

दूरच्या इतिहासातही त्याची साक्ष आहे. दजला-फरातच्या खोऱ्यात सुमेरी लोकांनी चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी कालवे काढले. तेथे काळाच्या ओघात गहू मागे पडला आणि मीठ सोसणारा सातू पुढे आला. जेकबसन आणि ॲडम्स या अभ्यासकांनी १९५८ साली याचे एक मोठे कारण खारावलेली जमीन असल्याचे मांडले.

आमच्या संघटनेतील एका कामगाराची चारीच्या शेवटी दोन एकर जमीन आहे. उसाची उगवण विरळ होऊ लागली, तेव्हा तो आमच्याकडे आला. कोणी सांगितले खत कमी पडते, त्याने खत वाढवले. कोणी सांगितले पाणी कमी पडते, त्याने पाणी वाढवले. पुढे कोणीतरी जिप्सम घालावयास सांगितले, तेही उसने पैसे काढून त्याने टाकले. तीन वर्षे गेली. माती तपासली नव्हती. आम्ही त्याला विचारले, "तू चव घेऊन पाहिलीस का?" तो हसला, आम्हाला मात्र आमची टाकी आठवली.

माती तपासण्याची सोय आपल्या दाराशी आहे. राहुरीचे कृषी विद्यापीठ १९६८ पासून आपल्याच जिल्ह्यात आहे आणि शासकीय प्रयोगशाळाही आहेत. पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या फुटाची माती निरनिराळी घ्यावी, कारण मीठ ऋतूप्रमाणे खालीवर होते. मातीचा पाण्याने लगदा करून त्यातून काढलेल्या अर्काची वाहकता ४ डेसिसीमेन्सच्या वर गेली तर जमीन खारवट समजतात. अमेरिकेतील क्षारभूमी प्रयोगशाळेने १९५४ साली घालून दिलेली ही मर्यादा जगभर मानली जाते. नुसते पाणी मिसळून ढवळलेल्या मातीचा आकडा याहून बराच कमी येतो. म्हणून आकडा विचारताना पद्धतही विचारावी. ऊस तर ४ च्या आधीच कुरकुरू लागतो. अर्काची वाहकता १.७ च्या वर गेली की प्रत्येक एककामागे त्याचे उत्पन्न सुमारे सहा टक्क्यांनी घटते. आकडा ८ झाला तर तिसऱ्या हिश्शाहून अधिक ऊस गेला. कापूस ७.७ पर्यंत तग धरतो. कांदा मात्र १.२ लाच मान टाकू लागतो.

आमच्या सहकाऱ्याच्या पहिल्या फुटाचा आकडा ८ च्या वर निघाला. सोडियमही जास्त होते. येथे मिठाची जात पाहावी लागते. सोडियम वाढले की चिकणमातीचे कण एकमेकांपासून सुटतात, छिद्रे बुजतात, आणि पाणी ना आत जाते ना बाहेर. ही चोपण जमीन. अशा जमिनीला घाईने गोड्या पाण्याचा मारा केला, तर विरघळलेले क्षार जातात, पण मातीला चिकटलेले सोडियम तेथेच राहते आणि जमीन अधिकच घट्ट होते. आम्ही टाकीत नळाचे पाणी ओतले, त्याचीच ही शेतातली आवृत्ती. जिप्सममधील कॅल्शियम सोडियमची जागा घेते आणि त्याला सुटे करते. सुटे झालेले सोडियम मग पाण्याबरोबर शेताबाहेर जावे लागते. आमच्या सहकाऱ्याने जिप्सम टाकले होते, पण त्याच्या शेताला चर नव्हता. सोडियम सुटले आणि बाहेरची वाट नसल्यामुळे पुन्हा तेथेच बसले. औषध खरे होते. त्याला उतरण्यास जागा नव्हती.

म्हणून पहिले काम निचऱ्याचे. उघडे चर किंवा जमिनीखाली पुरलेल्या छिद्रांच्या नळ्या, मग जिप्सम, मग बेताचे पाणी, ताग-धैंचासारखे हिरवळीचे खत, आणि पुढे ठिबक, म्हणजे मुळात भरच कमी होते. निचरा असला तर एक फूट मातीतून एक फूट पाणी खाली गेले की त्यातील सुमारे चार पंचमांश विरघळलेले मीठ धुऊन निघते, असा अभियंत्यांचा ठोकळ अंदाज आहे.

येथवर विज्ञान झाले. खरी अडचण यापुढे आहे. दोन एकरांचा चर दोन एकरांच्या बांधाशी थांबतो. त्याला ओढ्यापर्यंत जावयाचे तर मध्ये आठ जणांची शेते आहेत. आणि त्याच्या शेतात साचलेले पाणी एकट्याचे नव्हतेच. वरच्या अंगाच्या शेतांत दिलेले जादा पाणी झिरपत खाली आले होते. वरच्याने पाणी दिले, खालच्याने मीठ घेतले, आणि दोघांपैकी कोणीही दुसऱ्याचे वाईट चिंतले नव्हते. अशा ठिकाणी एकट्याला दोष देऊन किंवा एकट्याला उपदेश करून काही होत नाही. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातील शेतकऱ्यांनी एकत्र येऊन भूमिगत नळ्यांचा निचरा केला आणि पडीक पडलेल्या क्षारपड जमिनी पुन्हा पिकाखाली आणल्या. आमच्या सहकाऱ्याच्या शिवारातही बैठका झाल्या. पहिल्या बैठकीत भांडण झाले. दुसऱ्या बैठकीत आम्ही आठही शेतांच्या मातीचे आकडे एका कागदावर मांडून नेले. वरच्या अंगाच्या दोघांच्या शेतातही दुसऱ्या-तिसऱ्या फुटात मीठ वाढत असल्याचे त्यांत दिसले. त्यानंतरच्या बोलण्याचा सूर बदलला. गेल्या उन्हाळ्यात चर ओढ्यापर्यंत पोचला. जमीन सुधारण्यास अजून काही वर्षे लागतील.

कोणी विचारील, एवढा खटाटोप कशाला? खाऱ्या जमिनीत तळी खोदा आणि तुमची ती कोळंबीच वाढवा! हा विनोद नाही. हरियाणात रोहतकजवळ लाहली येथे केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेचे केंद्र आहे. तेथील भूगर्भातील खाऱ्या पाण्यात पोटॅशियम कमी असते, ते पालाशाने भरून काढून व्हेनामी कोळंबी वाढवता येते हे दिसून आले आहे. जी जमीन खरोखर हाताबाहेर गेली आणि जेथे खारे पाणी बाहेर सोडण्याची नीट व्यवस्था आहे, तेथे हा मार्ग विचारात घ्यावा. परंतु तळ्यातले पाणीही उडून जाते आणि मीठ मागे राहते. ते शेजाऱ्याच्या विहिरीत झिरपले तर आपण एकाचे मीठ दुसऱ्याच्या पदरात टाकले असे होईल. किनाऱ्यावर हे घडले आहे. तमिळनाडूतील सर्वोदयी कार्यकर्ते एस. जगन्नाथन यांनी कोळंबीच्या तळ्यांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि शेतजमिनीची अशी तळी करण्यास न्यायालयाने ११ डिसेंबर १९९६ च्या निकालाने मनाई केली.

जमीन खारावली की मालकाचे उत्पन्न घटते. पण त्याच्याआधी मजुराचा दिवस जातो. खुरपणीला बोलावणे येत नाही, उसाच्या फडात कोयता चालत नाही, कारखान्याचा हंगाम आटोपता होतो. शहरातल्या दुकानदारालाही त्याची झळ पोचते, फक्त थोडी उशिरा. म्हणून हा प्रश्न एकट्या शेतकऱ्याचा आहे असे समजून आपण शहरवासीयांनी स्वस्थ बसणे बरोबर नाही. आपल्यापैकी पुष्कळांची गावाकडे थोडीबहुत जमीन आहे. या उन्हाळ्यात गावी जाल, तेव्हा तीन पिशव्यांत तीन फुटांची माती भरून आणा आणि तपासून घ्या. शेजारच्या बांधावरच्या माणसालाही तेवढे करावयास सांगा.

टाकीतली उरलेली तीन कोळंबी जगली. आता टाकीला काचेचे झाकण आहे, बाजूला एक वही टांगली आहे, आणि रोज सकाळी जो कोणी कचेरी उघडतो तो पाण्याची रेघ पाहून, रात्रभर उघड्या बादलीत ठेवलेले गोडे पाणी तिथवर घालतो व आकडा लिहितो. मुलाने आम्हाला पुन्हा टाकीला हात लावण्याची परवानगी दिली आहे, परंतु वही तो स्वतः तपासतो.